टाचण्यांचा माणूस

“पुरा मानूस काढू नगं गं पोरी. पुरा काढला की त्यो घरात ऱ्हायला येतो.”

गिरजाआत्याचा हा आवाज नीलाच्या कानात बसला, तेव्हा ती उखळाएवढी होती. चिखलीच्या त्यांच्या घराची भिंत शेणानं सारवलेली असे, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी आत्या तिच्यावर चुन्याच्या बोटांनी नाग, मोर, नांगर, पाळणा काढत बसे. बोट भिंतीवर, गाणं गळ्यात.

भिंतीवर काढू मोर, मोराला फुटू दे पिसं
मानूस काढीता पुरा, त्याला लागतं बाई पिसं

चित्रात माणूस आलाच, तर आत्या त्याचा एखादा पाय किंवा तोंड तसंच सोडून द्यायची. अर्धा माणूस भिंतीतच राहतो, म्हणायची. त्याला उतरून येता येत नाही.

पुढं धर्मांतराचं छप्पन साल आलं. नीलाच्या बापानं, कोंडीरामानं, देव्हाऱ्यातले देव पाटीत भरले, इंद्रायणीच्या डोहात सोडले आणि ओल्या धोतरानं घरी येऊन सांगितलं, आजपासून या घरात भूत नाही, करणी नाही, उतारा नाही. ज्याला कारण आहे तेवढंच खरं. आत्यानं त्या सालापासून भिंतीला हात लावला नाही. पण तिचा आवाज काही देव्हाऱ्यात ठेवलेला नव्हता. तो पाटीत गेला नाही.

कोंडीराम गेला, आत्याही गेली. नीला शिकली, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून चिंचवडच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागली. कारखाना पत्र्याचा. आत जाताना सपाट पत्रा, बाहेर येताना मोटारीचं दार, स्कूटरची पेटी, दिव्याची वाटी. ड्रॉइंग ऑफिसात खिडकीजवळच्या कलत्या टेबलावर ती शाईच्या पेनानं दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढी. रेघ कुठं जाड, कुठं बारीक, कुठं तुटक, यात तिचा हात देवाचा म्हणत. ती हसून म्हणायची, आमच्यात देव नाही, हात आत्याचा आहे.

धाकटा भाऊ साहेबराव त्याच कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होता. नाव साहेबराव आणि अंगावर तेलकट निळी बंडी, म्हणून शॉपमधले त्याला म्हणत, “ओ साहेब, जरा पत्रा उचला की, का शिपाई बोलवू?” तो हसायचा. बावीस-तेवीसचं पोर, हाताला चपळ. गावात कबड्डीला असाच होता, शिवून कधी गेला ते समोरच्याला कळायचं नाही. दोघांच्या वेळा जुळल्या की नीला त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून घरी जायची. वाटेत निगडीच्या माळावर नव्या वसाहतीसाठी फक्कीनं आखलेले चौकोन दिसायचे. घर एकही नाही, नुसत्या पांढऱ्या रेघा. साहेबराव म्हणायचा, “आक्का, तुजं काम हितं बी हाय बघ.”

एके दिवशी कारखान्याचे सुरक्षा अधिकारी अण्णासाहेब तिच्या टेबलापाशी आले. सदाशिव पेठेतला माणूस, मऊ बोलायचा, कधी कुणाला एकेरी हाक नाही. दर महिन्याला कुणाला कुठं इजा झाली याचा टाइप केलेला कागद ते कॅन्टीनच्या दारावर लावत. तो कुणी वाचत नसे. मागच्या महिन्याच्या कागदात शेंगदाणे बांधून मिळाल्याचं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही एका नजरेत कळलं पाहिजे, घात कुठं होतोय ते. “तुम्ही काही काढून बघा, नीलाबाई.”

नीलाला आतून काहीतरी उजळल्यासारखं झालं. आजवर तिच्या रेघा यंत्रं वाचत होती. माणसाला कळावं म्हणून रेघ ओढ, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

तिनं आधी खांब काढले. ज्या शॉपमध्ये जास्त इजा, त्याचा खांब उंच. प्रेस शॉपचा खांब सगळ्यांच्या डोक्यावरून गेला होता. तिसऱ्या दिवशी त्या खांबाला झेंडूची माळ. चौकशी केली, तर कळलं, शेजारच्याच फळीवर उत्पादनाचे असेच खांब असतात, आणि तिथं उंच खांब म्हणजे पहिला नंबर. प्रेस शॉपवाल्यांनी आपण पहिले आलो म्हणून पेढे वाटले होते. अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. नीला रात्रभर हसली आणि सकाळी खांब पुसून आली.

मग तिनं गोल काढून त्याचे तुकडे पाडले. त्याला सगळे भाकर म्हणू लागले. मोठा तुकडा कुणाच्या वाट्याला, यावरून पेंटवाले आणि प्रेसवाले एकमेकांना चिडवायचे. तेही पुसलं.

मग ती नुसती बघत बसली. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबा उघडून बसायची आणि माणसं कशाकडे बघतात ते बघायची. वेळापत्रकाकडं नाही, सूचनेकडं नाही, कॅलेंडरवरच्या बाईकडंही क्षणभरच. पण हात धुवायच्या मोरीवर एक आरसा होता, डाग पडलेला, आणि त्याच्यासमोरून एकही माणूस न थबकता जात नव्हता. माणूस माणसाला बघतो. तिला तिचं चित्र सापडलं.

मऊ फळीवर तिनं पुरुषभर उंचीचा कामगार काढला. निळी बंडी, पायात बूट, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, पंजे उघडे, जसं कुणी विचारतं, काय चुकलं माझं? ज्याला जिथं लागेल तिथं या माणसाला लाल डोक्याची टाचणी टोचायची, एवढीच पद्धत. ना आकडा, ना अक्षर. रंगवता रंगवता ती बोटांच्या नखांपर्यंत आली, तेव्हा आत्याचा आवाज आला. नीलानं ब्रश धुतला, पाणी झटकलं आणि नखंही काढली. दहाच्या दहा. मग डोळे.

प्रेस शॉपच्या दाराशी फळी लागली. पहिल्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं आत शिरताना दाराशी अडखळली. कुणी थट्टा केली नाही. एकानं नकळत आपलं मनगट चोळलं. अण्णासाहेब लांबून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांनी नीलाला म्हटलं, एवढ्या वर्षांत प्रथमच यांना कळलंय.

कळलं होतं खरं. काय कळलं होतं, ते मागाहून दिसलं.

जुन्या इजांच्या टाचण्या लावून झाल्या, नव्या लागत गेल्या, आणि नीलाच्या ध्यानात एक गोष्ट आली. पायावर तुरळक. डोळ्यापाशी एखादी. उजव्या हातावर जवळजवळ नाहीच. सगळी लाली डाव्या पंजावर. दारापासून लांब उभं राहून बघितलं, तर त्या माणसाचा डावा हात मेंदीनं रंगवल्यासारखा दिसायचा. जवळ गेलं की मेंदी फुटून टाचण्यांची डोकी दिसायची.

काम करतो उजवा हात. मग मरतो डावा का?

तिनं अण्णासाहेबांना विचारलं. ते म्हणाले निष्काळजीपणा, आणि पेंटरकडून फळीच्या खाली ‘डावा हात जपा’ असं लिहून घेतलं. नीला म्हणाली, “निष्काळजीपणाला डावं-उजवं कळत नाही, साहेब.” पाटी तरी राहिली.

मग ती शॉपचे सुपरवायझर बबनराव यांच्याकडे गेली. बबनराव भोसरीकडचे, घरचे जमीनदार, नोकरी म्हणजे त्यांचा छंद होता असं ते स्वतः सांगत. शॉप त्यांच्या मुठीत होतं. महिन्याचा माल सगळ्यात आधी त्यांचा पुरा व्हायचा आणि कामगारांना जादा मालाची वरची कमाई मिळायची, त्यामुळं माणसं त्यांच्यावर जीव टाकायची. त्यांनी नीलाला एका बंद प्रेसपाशी नेलं. माणसाच्या दुप्पट उंचीचं लोखंड. मध्ये पत्रा ठेवायची जागा, वर खाली येणारा ठोकळा, आणि पुढं दोन टोकांना दोन हिरवी बटनं.

“दोन बटनं, दोन हात,” बबनराव म्हणाले. “दोन्ही एका टायमाला दाबल्याबिगर ठोकळा खाली येत न्हाई. आन दोन्ही हात बटनावर असल्यावर हात आत जाईल कसा, सांगा बरं.”

“तेच विचारते मी. मग जातो कसा?”

बबनराव हसले. पण हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ड्रॉइंगच्या बाईनं ड्रॉइंग काढावं, असं काहीसं म्हणून ते निघून गेले.

ज्यांचे हात गेले होते त्यांनाही तिनं विचारलं. मारुतराव त्यातले सगळ्यात जुने. डाव्या हाताची तीन बोटं गेल्यावर कंपनीनं त्यांना चहाच्या किटलीवर घेतलं होतं. अंगठा आणि करंगळीच्या बेचक्यात किटलीची कडी अडकवून ते सगळ्या कारखान्यात फिरत. ते म्हणाले, “चूक माजीच हुती, बाई.” दुसरा म्हणाला, चूक माझीच होती. तिसराही तेच. अण्णासाहेबांच्या चौकशीतही प्रत्येकानं तेच सांगितलं होतं, त्याच शब्दांत, एकाच गुरूकडून घेतलेल्या मंत्रासारखं. माणसं खोटं निरनिराळं बोलतात. इतकं एकसारखं कोण बोलतं?

आणि घरी साहेबराव. तिनं विषय काढला की तो ताटावरून उठायचा.

मग शॉपमध्ये कुणीतरी पहिल्यांदा ते बोललं. म्हणे आमच्याकडे देवऋषी कणकेचा बाहुला करतो, त्याला टाचण्या टोचतो, आणि ज्या जागी टोचल्या त्या जागी माणसाचं दुखणं उठतं. इथं बाहुला पुरुषभर उंच आहे, एवढाच फरक. बोलणारा हसत बोलला असेल, ऐकणारे हसले नाहीत. आधी इजा आणि मग टाचणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रोज कामाला जाताना तो माणूस बघायचा, त्याचे उघडे पंजे बघायचे, आणि मग त्या ठोकळ्यासमोर उभं राहायचं. आधी काय आणि मग काय, हे तिथं उभं असताना उलटं होऊन जायचं.

फळीच्या पायाशी लिंबू दिसू लागलं. कुणी बुटांवर काजळाचं बोट लावलं. मग डाव्या मनगटांवर काळे दोरे आले, एकाच्या, दोघांच्या, बघता बघता सगळ्यांच्याच. सैल गाठींचे, लोंबत्या टोकांचे दोरे, आणि ती टोकं प्रेसच्या तोंडापाशी वाऱ्यानं हलायची. अण्णासाहेबांनी दोरे काढायला लावले, तर माणसं त्यांच्याकडे अशी बघू लागली, जशी कवच काढून घेणाऱ्याकडं बघतात.

पाण्याच्या नळावर नीलाच्या पाठीमागं दोघं बोलत होते. तिला ऐकू जावं इतपत हळू. “कुनाच्या हातचं हाय ते बघा की.” “त्यांच्यात असतंयच हे. पूर्वीपास्नं.”

ती वळली नाही. लोटा भरेपर्यंत तिथंच उभी राहिली. बापानं ओल्या धोतरानं सांगितलेलं तिला आठवलं, आणि वाटलं, देव नदीत सोडता येतात. लोकांच्या मनातली आपली जागा कोणत्या डोहात सोडायची?

त्या दिवशी सायकलवर साहेबराव म्हणाला, “आक्का, काढून टाक ती फळी.”

“का रं? तुला बी भ्या वाटतं?”

“मला कशाचं? लोक बोलत्यात.”

तिची नजर त्याच्या हँडलवरच्या हाताकडं गेली. बाहीखाली काळा दोरा. चाकणच्या बाजारातून निघालेला कांद्याचा ट्रक शेजारून गेला, त्यातली सालं उडून दोघांच्या अंगावर आली. घरी आई कस्तुराबाईनं भाकरी वाढताना तो दोरा पाहिला. तवा खाली ठेवून ती लेकाला म्हणाली, “बापानं नदीत सोडलं, ते तू मनगटावर बांधून आनलंस व्हय?” साहेबराव म्हणाला, समद्यांनी बांधलाय, एकट्यानं नाही बांधला तर उघडा पडतो. दोरा त्यानं काढला नाही.

आणि मग चिमाजीचा हात गेला.

चिमाजी साहेबरावाच्या शेजारच्या प्रेसवर असायचा. जुन्नरकडचा, नुकतं लग्न झालेला. बायको रोज डब्यात लसणाची चटणी द्यायची आणि तो सगळ्या शॉपला बोटभर बोटभर वाटायचा. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, ठोकळा खाली आला तेव्हा आवाज नेहमीचाच झाला. म्हणून कुणाला लगेच कळलं नाही. त्याला उचलून नेल्यावर प्रेस पुसून काढला होता. अण्णासाहेब धावत पोचले, तेव्हा दोन्ही बटनं स्वच्छ होती, लोखंड स्वच्छ होतं. चिमाजी शुद्धीवर येताच म्हणाला, चूक माझीच होती.

टाचणी नीलानंच लावायची असायची. तिला नको वाटत होतं. पण लावली नाही तर चित्र खोटं होईल, आणि खोटं चित्र तिला जमणार नव्हतं. ती फळीपाशी गेली, तेव्हा शॉपचा आवाज हळूहळू कमी होत गेला. एकेक प्रेस थांबला, एकेक मान वळली. इतकी शांतता त्या जागेला सोसत नव्हती. डाव्या पंजावर जागाच उरली नव्हती. दोन टाचण्यांच्या मध्ये तिसरी बसवताना ती तिच्याच बोटात टोचली. पाठीमागं कुणीतरी म्हणालं, “बघा, लावली.”

त्या संध्याकाळी साहेबराव जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हणाला. तो अंगणात बसून आपलेच हात बघायचा, पालथे करायचा, उताणे करायचा. तिसऱ्या दिवशी कळलं की बबनरावांनी सोमवारपासून त्याला चिमाजीच्या प्रेसवर घातलंय. चपळ माणूस पाहिजे, म्हणाले, माल तुंबलाय.

नीलाच्या डोळ्यांसमोर फळीवरचा तो पंजा आला. त्यावर पुढची टाचणी कुठं बसेल, हे तिच्या हाताला आधीच कळल्यासारखं झालं, आणि तिनं घाबरून मूठ वळली.

रविवारी ती त्याच्या मागं नदीवर गेली. तो कपडे धुवायच्या दगडावर बसला होता, पाण्यात खडे टाकत. ती शेजारी बसली.

“साहेबा, त्या प्रेसवर जाऊ नगंस.”

“बारी आलीया. न्हाई कसं म्हनू?”

“मग हात जातो कसा, तेवढं सांग. मी कुनाला तुजं नाव सांगत न्हाई.”

त्यानं खडा टाकला. पाण्याची वर्तुळं काठापर्यंत आली. मग म्हणाला, “सांगितल्यावर त्या शॉपमदी मला कोन उभं करंल, आक्का? पानी तरी कोन दील? आपल्याला आदीच कसं बघत्यात तुला ठावं न्हाई?”

“म्हंजे सांगन्यासारखं हाय.”

तो उठला. चपला हातात घेऊन पाण्यातून पलीकडं निघून गेला, आणि ती कितीतरी वेळ त्या दगडावर बसून राहिली. तिला आता एवढं कळलं होतं: भाऊ जाणतो, सगळे जाणतात, आणि जे जाणतात ते बोलण्यापेक्षा बोटं देतात. तिच्या चित्रानं घात कुठं होतो ते दाखवलं. का होतो ते दाखवायला तिच्याकडं रेघ नव्हती. ती या माणसांच्या तोंडात होती.

सोमवारी दुपारी पाळी बदलताना माणसं प्रेस शॉपच्या बाहेरच थांबली. जाणारी पाळी बाहेर आली आणि तीही थांबली. फळी गेल्याशिवाय आत पाऊल नाही, असं ठरलं होतं. अण्णासाहेब आले, समजावू लागले. बबनराव भिंतीला टेकून पान लावत होते, त्यांना घाई दिसत नव्हती. अण्णासाहेब म्हणाले, ठीक आहे, काढून गोदामात ठेवू. त्यावर एक वयस्क माणूस पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, नुसती फळी काढून भागत नाही, साहेब. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं असतं. बाईंनी एकेक टाचणी आपल्या हातानं काढावी, ज्याची टाचणी त्याचं नाव घ्यावं, आणि ‘घेतली’ म्हणावं. म्हणजे करणी मागं फिरते.

अण्णासाहेबांचा चेहरा पडला. हे काय बोलता, असं ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता, काम अडलं होतं. नीलाकडं वळून ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि मग मराठीत म्हणाले, “तुमच्यावर जबरदस्ती नाही.”

नीलानं माणसांकडं पाहिलं. त्या गर्दीत साहेबराव होता, नव्या पाळीच्या रांगेत. तो खाली बघत होता. टाचण्या काढल्या, तर आपण करणी केली हे आपल्याच तोंडानं कबूल होतं. बापानं नदीत सोडलेलं वर येतं आणि त्याचं बोलणं बुडतं. आणि पंजा कोरा होतो. कोऱ्या पंजाकडं बघून उद्या कुणी विचारणार नाही, डावाच का. नाही काढल्या, तर ही माणसं साहेबरावाला या दारात जगू देणार नाहीत.

ती फळीपाशी गेली.

पहिली टाचणी काढली. “मारुतराव,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. सगळे ‘घेतली’ची वाट बघत होते. ती वळली आणि गर्दीच्या कडेला किटली घेऊन उभ्या असलेल्या मारुतरावांना तिनं विचारलं, “हात कसा गेला?”

मारुतरावांच्या बेचक्यात किटलीची कडी हलली. झाकण किणकिणलं.

तिनं टाचणी तळहातावर ठेवली. दुसरी काढली, नाव घेतलं, त्या माणसाकडं बघितलं. “कसा गेला?” तो दुसरीकडं बघू लागला. तिसरी. चौथी. जे कारखाना सोडून गेले होते, त्यांचीही नावं तिनं घेतली आणि रिकाम्या जागेला विचारलं. ‘घेतली’ ती एकदाही म्हणाली नाही. ज्यानं हे मागितलं होतं तो वयस्क माणूस चुळबुळला. बबनरावांचं पान लावून झालं होतं, पण ते तोंडात घालत नव्हते. “नाव घ्या फकस्त,” ते म्हणाले. “सवाल कशाला?”

ती थांबली नाही. मंत्राला जसा ठेका असतो, तसा त्या विचारण्याला ठेका आला होता. एक नाव, एक प्रश्न, मग शांतता, आणि प्रत्येक शांतता आधीच्यापेक्षा जड. माणसांचे हात नकळत पाठीमागं गेले होते. उन्हात पत्र्याचं छप्पर तडकल्यासारखं वाजत होतं. शेवटची टाचणी राहिली, त्या दिवशी दोन टाचण्यांच्या मध्ये दाटीनं बसवलेली. ती सहज निघेना. नखानं उचकटून तिनं ती काढली.

“चिमाजी,” ती म्हणाली. चिमाजी तिथं नव्हता. तरी तिनं विचारलं, “हात कसा गेला?”



पंजाच्या जागी आता नुसती भोकं होती, बारीक, काळी, वाळवीनं पोखरल्यासारखी. नीलाच्या तळहातावर लाल डोकी एकमेकांना चिकटून पडली होती. गर्दी सैल झाली. कुणीतरी सुस्कारा टाकला, कुणी दोऱ्याला हात लावून कपाळाला लावला. बबनरावांनी पान तोंडात टाकलं आणि टाळी वाजवली. “चला, झालं मनासारखं. लागा कामाला. साहेबा, चिमाजीच्या प्रेसवर तू. आज सगळा तुंबलेला माल काढायचाय.”

रांग हलली. साहेबराव दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला, चल की रे साहेब, म्हणाला. तो चालला नाही. फळीवरचा माणूस त्याच्याएवढाच उंच होता. दोघांचे खांदे एका रेघेत आले होते. साहेबरावानं त्या भोकांच्या पंजावर आपला पंजा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग वळून बहिणीकडं बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

“आक्का, टाचन्या परत लाव,” तो म्हणाला.

बबनराव पुढं आले. “साहेबा, आत हो.”

“डाव्या बटनात पाचर असती,” साहेबराव म्हणाला. तो बबनरावांशी नाही, अण्णासाहेबांशीही नाही, तिच्याशीच बोलत होता. “बांबूची. समद्यांच्याच. बटन दाबल्यालं ऱ्हातं, मग उजव्या हातानं येकच दाबायचं आन डाव्यानं पत्रा सारायचा. माल झपाझप निगतो. कुनाचा हात गेला की तुमी यायच्या आत पाचर काडून टाकायची, आन चूक माजीच म्हनायचं. सुपरवायझरला ठावं हाय. मारुतरावांना ठावं हाय. मला बी ठावं हुतं.”

पंजा अजून फळीवरच होता.

“चिमाजीची पाचर म्या तासून दिल्ती. त्या दिशी सकाळी म्हनला, सैल झालीया, साहेबा, जरा घट्ट दे. म्या घट्ट दिली.”